त्या वर्षीचं दसऱ्याचं सोनं

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो हातगाडीवरून. टेम्पोवाल्यानं ठाकुर्लीच्या फाटकाअलीकडेच सामान उतरवलं आणि "फाटक कधी उघडेल भरवसा नाय" म्हणत तो निघूनही गेला. मग बाबांनी हातगाडी ठरवली, घरून नेलेली गोधडी वर टाकली, सुंभानं बांधली, आणि एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं मी, दोघांचेही हात गोधडीवर, अशी आमची वरात निघाली. खड्डा आला की बाबा म्हणायचे, "सावकाश हो, सावकाश." चौथ्या की पाचव्या खड्ड्याला गाडीवाला वैतागला. "बाळंतीण नेताय का काका?" म्हणाला. बिल्डिंगजवळ आलो तर गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती. मी ताठ मानेनं चालत होते, जसं काही तो मीच बनवलाय. बाबांच्या कंपनीच्या हिशेबखात्यानं तो मोडीत काढलेला आहे हे मला माहीत होतं. गॅलऱ्यांमधल्यांना कुठे माहीत होतं!

बाबा ठाण्याच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. यंत्रांची चित्रं काढायची, हे त्यांचं काम. इंजिनिअर लोक कागदावर काहीतरी गिरगटून द्यायचे आणि बाबा त्यातून असं काही चित्र उभं करायचे की कारागिरानं ते समोर ठेवून लोखंड कापावं. लहानपणी मी एकदा त्यांच्या कंपनीत गेलेले. भलाथोरला उतरता बोर्ड, त्यावर ताणून बसवलेला ट्रेसिंग पेपर, आणि त्यावर वाकलेले माझे बाबा, हातात शाईचं पेन. ते रेघ ओढताना श्वास रोखून धरायचे. खरंच! रेघ संपली की हळूच नाकातून हवा सोडायचे. मी शेजारी उभी राहून माझाही श्वास रोखत होते आणि दर वेळी त्यांच्या आधी माझा सुटत होता. चित्राखाली ते अक्षरं काढायचे ती छापल्यासारखी एका मापाची. माझ्या वह्यांवर नाव तेच घालून द्यायचे आणि बाई वर्गात सगळ्यांना ती वही फिरवून दाखवायच्या. शर्टाच्या खिशात कायम एक पांढरा खोडरबर, कागदात गुंडाळलेला. इतरांच्या बापांच्या खिशात पेनं असतात, माझ्या बापाच्या खिशात खोडरबर, म्हणून मी मैत्रिणींत बढाया मारत असे. बढाई मारण्यासारखं त्यात काय होतं, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं.

तर त्या वर्षी कंपनीनं ठरवलं की यापुढे चित्रं बोर्डावर नाहीत, कॉम्प्युटरवर काढायची. नऊ ड्राफ्ट्समन होते, ठेवायचे होते चौघे. दसऱ्यानंतरच्या सोमवारी परीक्षा. कॉम्प्युटरवर चित्र काढून दाखवा. जमलं तर राहा, नाही जमलं तर 'स्वेच्छेनं निवृत्त होत आहे' अशा फॉर्मवर सही करा. फॉर्म आधीच हातात दिलेला. बाबांनी तो कपाटात, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवून ठेवला होता. कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं, पण कपाट उघडलं की आम्ही तिघंही त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत होतो. बाबांना पन्नाशी गाठायला थोडंच उरलं होतं. दुसरीकडे कोण घेणार होतं? सरावासाठी घरी कॉम्प्युटर पाहिजे म्हणून हा मोडीतला त्यांनी साहेबांना विनवून मागून घेतला. कंपनीतल्या ओळखीच्या पोरानं त्यात चित्रं काढायचा प्रोग्रॅम घालून दिला. मी तेव्हा कॉलेजला होते, कॉम्प्युटरचा एक विषय होता मला, म्हणजे घरातली जाणकार मीच. आंधळ्या गावात काणी राणी म्हणतात ना, तसलीच मी जाणकार.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत पलंगाशेजारी शिवणमशीन होतं, ते आईनं स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि त्या जागी कॉम्प्युटर बसला. आईचं त्याच्याबद्दलचं मत पहिल्या दिवशीच ठरलं. "एवढा मोठा डबा, आणि ह्याच्यावर ना गाणी, ना बातम्या," ती म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिनं जुन्या परकराचं कापड कापून त्याला झालरीचं आच्छादन शिवलं. माझी आई अशीच. तोंडानं नावं ठेवायची आणि हातानं लाड करायचे. रोज संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या आणि रुळांवरचे भोंगे यांच्या मधे कधीतरी, ती स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, उद्या डब्याला काय देऊ?" बाबा न चुकता म्हणायचे, "काहीही." मग ती म्हणायची, "काहीही नावाची भाजी मिळत नाही बाजारात," आणि वाटाणे नाहीतर चवळी भिजत घालायची. मला कळायला लागल्यापासून रोज हेच. आमच्या घरात घड्याळ बिघडलं तरी चाललं असतं.

सराव सुरू झाला आणि माझ्या जाणतेपणाची वाट लागली. बाबांच्या हातात माऊस म्हणजे मांजराच्या तोंडात जिवंत उंदीर, इतका ते तो दाबून धरायचे. "बाबा, हलकं धरा." "अगं, हलकंच धरलंय." बोटं पांढरी पडलेली! पण आठवड्याभरात त्यांनी ते आत्मसात केलं. खरी अडचण त्या डब्याची होती. हिशेब करून करून म्हातारा झालेला तो; चित्रं कुठली त्याला झेपायला. एक रेघ हलवली की सगळा पडदा कोरा व्हायचा आणि मग एकेक रेघ परत उमटायची. तेवढ्यात आतमधे आईच्या दोन पोळ्या लाटून भाजून व्हायच्या. जरा मोठं चित्र घेतलं की तो मान टाकायचा, मग बंद करा, चालू करा, पहिल्यापासून. बाबा एका शब्दानं चिडायचे नाहीत. हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसायचे. तेच मला बघवायचं नाही. परीक्षेचं चित्र होतं दातेरी चाकांच्या जोडीचं, आणि आमच्या घरी चाकाचे अर्धे दातसुद्धा कधी पुरे झाले नव्हते.

ठाण्याला स्टेशनाजवळच्या एका गल्लीत जिन्याखाली म्हात्रे नावाच्या माणसाचं दुकान होतं. हा मूळचा दिवा गावचा, आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग कॉम्प्युटर. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक रस्त्यावर आणि म्हात्रे आत. नवरात्रातल्या अष्टमीला कॉलेज सुटल्यावर मी आणि बाबा तिथे गेलो. म्हात्रेनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, त्याचा डोका लहान हाय. एका वेळेला जास्त धरून ठेवत नाय. मेमरी वाढवा, पळंल." नवी मेमरी आमच्या खिशाच्या पार पलीकडची. मग त्यानं वापरलेली एक दाखवली: वीतभराहून लहान हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोन, आणि खालच्या कडेला ओळीनं सोनेरी दात. मी तर बघतच राहिले. आमच्या जुन्या पट्टीच्या चौपट ताकदीची, म्हणाला. आणि जुनी त्याला दसऱ्यापर्यंत पोचवली तर किंमत आणखी कमी. बाबांनी खिशात हात घालून आईनं दिलेला रुमाल काढला. दर दसऱ्याला आई गुंजभर का होईना, सोनं घ्यायची, माझ्या लग्नासाठी म्हणून. लहानपणापासून एक दसरा चुकला नव्हता. त्या वर्षीच्या सोन्याचे पैसे होते रुमालात. बाबांनी ते दिले आणि पट्टी हातात घेऊन विचारलं, "हे सोनेरी आहे ते नुसता रंग, की…?" म्हात्रे म्हणाला, "सोनाच हाय काका. मुलामा, पण खऱ्या सोन्याचा." मग त्यानं दुकानातला एक डबा उघडून पट्टी कशी बसवायची ते बाबांना दाखवलं. दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबायचं, बाजूच्या पांढऱ्या खिट्ट्या टक्‌ करून आपोआप मिटल्या की झालं. तो घरी येऊन बसवायचे वेगळे पैसे घेणार होता. बाबा म्हणाले, "मी बसवतो. हातानंच तर करायचंय."

घरी येऊन बाबांनी आईच्या हातात पट्टी ठेवली आणि म्हणाले, "हे घे, यंदाचं दसऱ्याचं सोनं." आईनं ती खिडकीशी नेली, उजेडात उलटीसुलटी केली. मला वाटलं आता काहीतरी खोचक बोलणार. पण ती म्हणाली, "अगं बाई, खरंच की! केवढं बारीक काम आहे. कुणी केलं असेल हो?" आम्ही तिघं त्या खिडकीशी माना एकत्र करून एवढ्याशा पट्टीकडे बघत उभे होतो. परवा माझा मुलगा म्हणाला, की तेव्हाच्या त्या मेमरीत आजचा एक साधा फोटोही मावायचा नाही. नसेल मावत. आमचं अख्खं घर मावलं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कंपनीत दरवर्षी यंत्रांची, बोर्डांची पूजा व्हायची. त्या वर्षी बोर्ड आधीच गोदामात गेलेले, म्हणून बाबा दुपारीच घरी आले, आपली कंपासपेटी आणि खांद्यावर बोर्डाचा पितळी पट्टा घेऊन. घरी पाट मांडला. त्यावर आईची कात्री, विळी, बाबांची कंपासपेटी, पितळी पट्टा, शाईची पेनं, रेघ खोडल्यावरचा भुसा झाडायचा मऊ ब्रश, माझं कॅल्क्युलेटर, आणि मधोमध, मानाच्या जागी, ती पट्टी. म्हात्रेनं दिलेल्या गुलाबी पिशवीत होती. आई म्हणाली, "पिशवीत काय ठेवलंय? काढ बाहेर." बाबा झेंडूच्या माळा ओवत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. आईचे हात श्रीखंडाच्या दह्यात; नळाला बांधलेल्या फडक्यातून पाणी खालच्या पातेल्यात ठप्‌ ठप्‌ पडत होतं. "वैजू, हळदकुंकू तू लाव गं," ती आतून ओरडली. मी सगळ्यांना लावलं. पट्टीपाशी आल्यावर विचारलं, "आई, हिला कुठे लावू?" आई म्हणाली, "सोन्यालाच लाव की. सोन्याचीच तर पूजा." मला ते इतकं पटलं! मी बोट पाण्यात बुडवलं आणि त्या सोनेरी दातांवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आधी हळद आणि मग कुंकू, मन लावून ओढलं. मागच्या बाजूलाही. आमच्याकडे हत्यारं एकदा पूजेला बसली की दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत. म्हणजे ती पट्टी रात्रभर तशीच, कुंकवानं माखलेली, पाटावर.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी आंघोळ करून, धुवट लेंगा-सदरा घालून कॉम्प्युटरचं पोट उघडलं. आत पहिल्यांदाच बघत होतो आम्ही. हिरव्या फळीवर चंदेरी ठिपके, बारीक रेघा, कुठून निघून कुठे वळलेल्या, एकही दुसरीला छेदत नाही. बाबा कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. "वैजू, हे कुणीतरी आधी चित्र काढलंय बरं का," ते हळूच म्हणाले. "ह्या रेघा कुणीतरी ओढल्यात." त्यांचा आवाज देवळात बोलतात तसा झालेला. मग त्यांनी पट्टी उचलली, फडक्यानं पुसायला लागले. आई म्हणाली, "अहो, सगळं नका पुसू, पूजेचं आहे. राहू दे थोडं." त्यांनी वरवर पुसून थोडं राहू दिलं. पट्टी खाचेत धरली, दोन्ही अंगठे ठेवले, श्वास रोखला. टक्‌. मी टाळ्या वाजवल्या. आईनं श्रीखंडाचं पातेलं बाहेर आणून ठेवलं, पुऱ्यांचं तेल तापत ठेवलं. बाबांनी बटण दाबलं.

पडदा काळाच. आणि डब्यातून आवाज: टूऽऽ… टूऽऽ… टूऽऽ. परत बंद, परत चालू. टूऽऽ… टूऽऽ. पट्टी काढली, परत बसवली, अंगठ्यांखालचं कातडं लाल झालं तरी बाबा दाबत राहिले. तेच. आई दारात झारा घेऊन उभी. जुनी पट्टी सकाळी काढल्या काढल्या ठाण्याला निघालेल्या शेजाऱ्याबरोबर म्हात्रेकडे गेलेली, म्हणजे होता तो रडतखडत चालणारा कॉम्प्युटरही आता नाही. सोमवार परवावर आलेला. बाबांनी शेवटी वायर काढली. स्वतःचे हात समोर धरून बघत म्हणाले, "मीच जोर जास्त लावला. मोडली असणार आत." आई म्हणाली, "तुमच्या हातून? काहीतरीच." तर म्हणाले, "हात गेला माझा. हे काम आता आपलं नाही गं." असं म्हणून ते उठले, कपाटातून तो फॉर्म काढला, घडी उलगडून शिवणमशीनवर ठेवला. सही केली नाही, पण पेन त्यावर ठेवलं. पुऱ्या आम्ही खाल्ल्या, श्रीखंडही खाल्लं, सोनं म्हणून आपट्याची पानं दिली-घेतली, शेजारचे येऊन गेले. आणि संध्याकाळ झाली तरी आईनं विचारलं नाही, उद्याच्या नाही तरी सोमवारच्या डब्याला काय देऊ म्हणून. ते न विचारणं इतकं मोठ्यानं ऐकू येत होतं की मला रडू कोसळलं, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

कारण मला संशय होता. मी त्या दिवशी पट्टी वाकून बघितलेली. दातांच्या मधल्या फटींत लालसर पापुद्रा दिसत होता. पण बोलायचं कसं? बोलले तर आईचं नाव येणार, तिनंच सांगितलेलं. दसऱ्याचा दिवस, पूजेचं कुंकू, त्यानं घात केला असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? रविवारी सकाळी चहाच्या वेळी मात्र मला राहवेना. "बाबा, मी त्या सोनेरी दातांना कुंकू लावलेलं. ओलं. त्यानंच झालं असेल," मी एका दमात सांगून टाकलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "देवाच्या कुंकवानं काय होतंय वैजू? मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेऊ नकोस." पटलंच नाही त्यांना! माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. आपल्याच हातानं घात केला, हे त्यांनी पक्कं धरलं होतं म्हणून. मी हट्टाला पेटले. म्हात्रेला एकदा दाखवायचीच. रविवारी त्याचं दुकान अर्धा दिवस उघडं. आई पदराला हात पुसत म्हणाली, "अहो, जाऊन या. सोन्याला लाव म्हणून मीच म्हटलेलं तिला." बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शर्ट चढवला. पट्टी त्यांनी कंपासपेटीत, कंपासच्या मखमली खाचेत ठेवली.

म्हात्रेनं पट्टी हातात घेतली, दिव्याखाली धरली, भिंगातून बघितलं. "यो लाल काय हाय?" मग नखानं खरवडून बघितलं, बोटाचा वास घेतला आणि वर न बघता विचारलं, "कुंकू लावलात काय?" बाबा माझ्याकडे वळले. कालपासून वाकलेले त्यांचे खांदे माझ्या डोळ्यांदेखत सरळ झाले. मी म्हणाले, "हो. मी लावलं." मला वाटलं हा आता हसून हसून लोळणार, गल्लीभर सांगणार. म्हात्रे हसला नाही. त्यानं बाजूला होऊन मागची फळी दाखवली. ओळीनं स्क्रू-ड्रायव्हर, पकडी, सोल्डरिंगच्या डागण्या, मीटर, सगळ्यांना कालचं हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूची पाकळी. "आमीपण लावतो," तो म्हणाला. "पण कोयत्याला कुंकू पात्यावर लावायचा, धारेला नाय. यी हिची धार हाय ना ताई." असं तो अगदी समजुतीनं बोलला. मग खण धुंडाळले. "खोडरबर होता, पोरांनी नेला वाटतं. काका, तुमच्याकडं हाय का खोडरबर?"

बाबांनी खिशात हात घातला.

कागदात गुंडाळलेला तो पांढरा खोडरबर त्यांनी काढला तेव्हा म्हात्रेचे डोळे चमकले. "अरे वा, यो तर भारीतला!" त्यानं दोन दात घासून दाखवले आणि पट्टी बाबांपुढे केली. "तुमीच करा. तुमचा हात सफाईचा दिसतो." बाबांनी पट्टी दुकानाच्या फळीवर कागद अंथरून ठेवली, चष्मा वर सरकवला आणि श्वास रोखला. एकाच दिशेनं, वरून खाली, कधी उलटं नाही. ट्रेसिंग पेपरवरची नको असलेली रेघ खोडताना शेजारच्या रेघेला धक्का लागू द्यायचा नाही, ह्यात त्यांचा जन्म गेलेला. एकाला लागून दुसरा, असा एकेक दात. लाल पापुद्रा भुशात निघत होता, त्याखालची काळपट झाक निघत होती, आणि खालून सोनं वर येत होतं. म्हात्रेनं हातातलं काम खाली ठेवलं. मीही बघत होते. इतकी वर्षं मी ह्या हातांना रेघा ओढताना पाहिलं होतं, ह्यांना काय येतं ते मला माहीत आहे असं मला वाटायचं. मला काहीसुद्धा माहीत नव्हतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून, बाबांनी त्या एवढ्याशा पट्टीचे सगळे दात दोन्ही बाजूंनी लखलखते केले. म्हात्रेनं पट्टी आपल्या डब्यात बसवली, बटण दाबलं. एक छोटासा 'टुक्‌', आणि काळ्या पडद्यावर पांढरे आकडे पळायला लागले, वाढत वाढत, वाढत वाढत, थांबेनातच. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मोजतोय," ते म्हणाले. "वैजू, तो मोजतोय बघ!"

म्हात्रेनं पैसे घेतले नाहीत. "तुमच्याच रबरानं तुमीच केलात, मी कसले घेऊ?" म्हणाला. वर एवढंच सांगितलं, की घरच्या डब्यातली खाचही झाडून घ्या, कोरड्या ब्रशनं. ब्रश होताच आमच्याकडे, पाटावर बसून कुंकू लावून घेतलेला. आज ठाण्यात, वर्तकनगरच्या घरी, माझा कॉम्प्युटर कधी रुसला की मी आधी त्याचं पोट उघडते आणि पट्टी काढून खोडरबरानं घासते. मुलगा म्हणतो, "आई, नवा घे ना आता." घेईन की. पण ते सोनं परत वर येताना बघायला मला अजून आवडतं, आणि अजूनही माझा श्वास मधेच सुटतो.

घरी येऊन बाबांनी खाच झाडली, पट्टी बसवली, टक्‌. आकडे पळाले. आई हात जोडून उभी होती, कुणाला जोडलेले ते तिचं तिलाच ठाऊक. बाबांनी दातेरी चाकं काढायला घेतली. एक दात काढला आणि यंत्राला सांगितलं, असेच गोल फिरवून सगळे काढ. आणि आम्ही डोळे मिटून उघडेपर्यंत चाक पुरं! सगळे दात, एका मापाचे. मग दुसरं चाक, पहिल्यात अडकवलेलं. मग बाबांनी ते तिरकं केलं, मागून बघितलं, खालून बघितलं. कागदावर इतकी वर्षं जे त्यांनी फक्त समोरून आणि बाजूनं काढलं, ते आता त्यांच्यासमोर वळून पाठ दाखवत होतं. "आई गं," ते म्हणाले. माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, ते लहान मुलासारखे ओरडले, "अगं, इकडे ये, हे बघ! हे असं असतं मागून!" आईला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक, पण ती पोळपाट सोडून आली आणि पिठाच्या हातांनी, पडद्याला बोट न लावता, एकेक दात बघत राहिली. दुपारभर बाबा तेच चित्र पुसून पुन्हा पुन्हा काढत होते. फॉर्म मशीनवर तसाच होता. तो आईनंही हलवला नाही, मीही नाही. अजून सोमवार जायचा होता.

सोमवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, खिशात खोडरबर. आईनं पोळी-भाजी बांधून दिली, पण काय देऊ हे विचारून नाही. मी कॉलेजला गेलेच नाही. आईनं दिवसभरात एक ब्लाऊज शिवला, उसवला, परत शिवला, आणि मशीनवरचा तो कागद दर वेळी अलगद बाजूला सरकवत राहिली. संध्याकाळी जिन्यात चपला वाजल्या. आम्हाला त्यांचं पाऊल पाठ होतं, पण त्या दिवशी त्यातून काहीसुद्धा कळेना. बाबा आत आले. चपला काढल्या, हातपाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होईना, म्हणून मी भिंतीकडे बघत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात, चौकट धरून. बाबांनी रिकामा डबा तिच्यापुढे केला.

"उद्या डब्याला काय देशील?" त्यांनी विचारलं.

आईनं डबा घेतला. ती आत गेली, फळीवरचा वाटाण्यांचा डबा काढला, पातेल्यात एक मूठ टाकली, मग दुसरी, मग तिसरीही, आणि वर नळ सोडला.